खिशातले चार रोटर

जरीनाबाईनं नवऱ्याचा कुर्ता खिसा चाचपल्याशिवाय कधी पाण्यात टाकला नाही. अडतीस वर्षांत चूक एकदाच झाली, लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात. कुर्ता बादलीत गेला, कुर्त्याबरोबर मोठ्या मालकांच्या फोर्ड गाडीचा रोटर गेला, आणि अयूबमिस्त्री तो तुकडा साबणाच्या फेसातून काढून ओढणीनं, तिच्याच नव्या ओढणीनं, पुसत बसला. त्या दिवशी नव्या नवरीला कळलं की या घरात आपल्या आधी एक सवत येऊन बसली आहे आणि तिला चार चाकं आहेत. रडावं की हसावं ते न कळून तिनं सुईदोरा घेतला आणि जुन्या ताडपत्रीचा एक जाड खिसा कुर्त्याला आतून शिवून टाकला. तेव्हापासून मिस्त्रीच्या प्रत्येक कुर्त्याला तसा खिसा होता.

रोटर म्हणजे काय हे या घरातल्या लेकरांना नीट बोलता यायच्या आधी कळायचं. इंजिनाला ठिणगी वाटून देणारा अंगठ्याएवढा काळा तुकडा. टोपण उघडून तो काढून घेतला की किल्ली फिरवा, हँडल मारा, गाडी ढिम्म. अयूबचे अब्बा, करीमबक्ष ड्रायव्हर, गाडी उभी केली की रोटर खिशात टाकत. अयूबनं तेच केलं. मोठे मालक गेले, जंगलाचे ठेके गेले, लाकूड कापायची आरामशीन बंद पडली, पण चार गाड्यांचे चार रोटर रोज संध्याकाळी अयूबच्या खिशातून घरी येत आणि सकाळी परत जात. धाकटा शहबाज चिडवायचा, "अब्बा, आता या गाड्या चोरून नेणारा चोर तरी कुठी भेटन? एवढं पेट्रोल पाजता पाजताच मरन तो बिचारा."

मे महिन्यातल्या त्या शुक्रवारी, सन दोन हजार दोनमध्ये, जरीनाबाई गोंडपिपरी रस्त्यावरच्या, मोठ्या मालकांचा मुलगा गुणवंतराव यांच्या लाकडाच्या टालावर आली, ती गाड्यांचा लिलाव पाहायला नव्हे. लिलावाचं तिला काय कौतुक! ती आली फोर्डला शेवटचं पाहायला. चौसष्ट साली मोठ्या मालकांनी लग्नासाठी ती गाडी दिली होती. राजुऱ्याहून निघाले, तर वर्धा नदीच्या रपट्यावर, त्या बुटक्या फरशीपुलावर, इंजिन तापलं आणि नवरदेव शेरवानीच्या बाह्या सारून बोनटमध्ये घुसला. नवरी घुंगटातून पाहत राहिली. सासरे करीमबक्ष नदीचं पाणी डब्यानं आणत होते आणि म्हणत होते, "बेटी, घाबरू नोको, ही गाडी रुसते पण सोडून जात नाई." तो आवाज अजून तिच्या कानात होता.

आता ती फोर्ड, मोठी शेवरोले, ठेंगणी ऑस्टिन आणि शिकारीची जीप अशा चौघी आरामशीनच्या विटांच्या शेडमधून बाहेर येऊन मोहाच्या झाडाखाली उभ्या होत्या. उन्हानं रंग खराब होऊ नये म्हणून बांबूवर टिनाचे पत्रे टाकून मांडव केला होता. थोरल्या मुलानं, आरिफनं, महिनाभर खपून एकेकीला असं चमकवलं होतं की पाहणाऱ्याची नजर लागावी. लिलाववाला नागपूरचा, घेणारे मुंबईचे आणि हैदराबादचे. ते चंद्रपुरात हॉटेलात जेवत होते आणि चारला येणार होते.

गुणवंतरावांची जबान होती, गाड्या चांगल्या गेल्या की सोमवारी गॅरेजच्या जागेची रजिस्ट्री मिस्त्रीच्या नावानं. गॅरेज तीन पिढ्यांचं, पण जमीन मालकांची, आणि कागद म्हणाल तर चिटोरंही नाही. गुणवंतरावांचा मुलगा प्रणित सगळा टाल विकून पुण्याला जायला निघाला होता. गॅरेजचा तुकडा तेवढा वेगळा काढायला तो कसाबसा तयार झाला होता, तोही या गाड्यांच्या भरवशावर.

आणि आरिफ रविवारी नागपूरला चालला होता. त्याच लिलाववाल्यानं त्याची कारागिरी पाहून तिथल्या एका मोठ्या वर्कशॉपात त्याच्यासाठी शब्द टाकला होता. गाव सोडायच्या गोष्टीवरून ईदच्या दिवशी बापलेकांत जे वाजलं, त्यानंतर दोघं एकमेकांशी भिंतीमार्फत बोलत, आणि ती भिंत म्हणजे जरीनाबाई.

दुपारी जुम्म्याच्या नमाजानंतर अयूबमिस्त्री सायकल घेऊन निघाला.

"अजी, आता कुठी?" जरीनाबाईनं विचारलं.

"कब्रस्तानात. अब्बाले सांगून येतो, गाड्या चालल्या म्हणून. चारच्या आत येतो."

निघताना सवयीनं त्याचा हात छातीवर, आतल्या खिशावर, गेला. जरीनाबाईनंही सवयीनंच ते पाहिलं आणि सोडून दिलं. पुढं कितीतरी दिवस ती स्वतःला त्या एका क्षणासाठी बोल लावत राहिली.

तीनच्या सुमाराला पश्चिमेचं आभाळ मातकट झालं. शहबाज गडचांदूरहून, सिमेंट कारखान्यातून, एक दिवसाची सुटी काढून आला होता. त्यानं वर पाहिलं आणि ओरडला, "भाई, वावधन येऊन राह्यलं! गाड्या शेडात घे!"

वावधन म्हणजे इकडचं उन्हाळी वादळ. ते आलं की आधी धूळ दिसते, मग झाडं वाकतात, मग माणसाला देव आठवतो. धूळ अजून नाल्यापलीकडं होती. शेड हाकेवर. चार गाड्या हाकायला पाच मिनिटं पुष्कळ होती.

आरिफ फोर्डमध्ये बसला. किल्ली फिरवली. इंजिन नुसतं कण्हलं. पुन्हा फिरवली. शहबाजनं शेवरोलेची किल्ली फिरवली, तिथंही तेच. प्रणित ऑफिसच्या व्हरांड्यातून धावत आला. "अरे, काल तं सगळ्या एका किल्लीत चालू झाल्या होत्या! काय केलं तुमी?"

आरिफनं बोनट उचललं. व्हरांड्यात उभ्या असलेल्या जरीनाबाईला त्याचे हात दिसत होते. त्यानं टोपण काढलं, आत पाहिलं आणि थिजला. दोन क्षण. मग त्यानं टोपण होतं तसं बसवलं आणि बोनट आपटलं. टोपणाखाली काही नव्हतं, हे जरीनाबाईला तेवढ्यावरून समजलं. चारही रोटर कब्रस्तानात होते.

"धक्का मारा!" आरिफ ओरडला. "जीप आधी!"

जीप हलकी, ती ढकलत शेडात नेली. फोर्ड चढावर तसूभर सरकली नाही. तिघांनी जीव तोडून ढकललं. तेवढ्यात धुळीनं सगळं गिळलं. मांडवाचे पत्रे सुटले, एक पत्रा ऑस्टिनच्या काचेतून आरपार गेला, आणि मग मोहाची ती जुनी फांदी, जिच्याखाली या टालावरच्या तीन पिढ्यांनी मोहफुलं वेचली, ती कडाडून फोर्डच्या टपावर बसली. तो आवाज ऐकून जरीनाबाईच्या तोंडून "या अल्ला" निघालं. तिला वाटलं, कोणीतरी तिच्या लग्नावरच फांदी टाकली.

पोरं सलामत होती. तिनं आधी ती मोजली, मग गाड्या.

पाऊण तासानं पाऊस थांबून ऊन पडलं, जसं काही झालंच नव्हतं. फोर्डचं टप सीटपर्यंत दबलं होतं. शेवरोलेच्या अंगावर पत्र्यांनी नांगर चालवला होता. घेणारे आले, नाकाला रुमाल लावून फिरले, एकानं फोटो काढले. लिलाववाला म्हणाला, "भंगाराच्या भावात मीच उचलतो, नाहीतर राहू द्या." आणि सगळी मंडळी गाडीत बसून चंद्रपूरला परत गेली. जाताना लिलाववाल्यानं आरिफला बाजूला घेतलं. काय बोलला ते कोणाला ऐकू आलं नाही, पण आरिफची मान खाली गेलेली सगळ्यांना दिसली.

गुणवंतराव खुर्चीत बसले होते. चौसष्ट वर्षांचा माणूस तासाभरात ऐंशीचा दिसायला लागला होता. प्रणित मात्र उभा होता.

"आरिफ, मले एक सांग. चार गाड्या एकाच वेळी बंद कशा पडल्या?"

"माह्याकडूनच काहीतरी राह्यलं, प्रणितभाऊ," आरिफ म्हणाला. "काल रात्री सेटिंग बदललं. चूक माही हाये."

"भाई!" शहबाज उसळला. "नागपूरले जायची एवढी घाई झाली होती का तुले? अब्बाची जिंदगी गेली या गाड्यांत, अन् तुले एक रात्र धड काम नाई करता आलं!"

"हाव, नाई आलं," आरिफ म्हणाला.

जरीनाबाई पुढं झाली. "शहबाज, तोंड सांभाळ. तुले माहीत नाई तं..."

आरिफनं तिच्याकडं पाहिलं आणि मान हलवली. नोको, अम्मी. लहानपणी शहबाजनं काही फोडलं की मार हाच खायचा, तेव्हाही अश्शीच मान हलवायचा. तिच्या जिभेवर आलेलं तिथंच अडकलं.

गुणवंतराव सावकाश म्हणाले, "मिस्त्रीच्या तोंडाकडं पाहून जागेचं मी पाहतो. त्याले दिलेली जबान मोडत नाई. पण आरिफ, तुनं आता या फाटकात पाय ठेवायचा नाई."

प्रणितला हेही पटलं नाही.

फाटकाशी सायकल दिसली. अयूबमिस्त्री ओलाचिंब, एक हात हँडलवर, एक छातीवर. वाटेत झाडं पडलेली पाहूनच त्याला कळून चुकलं असावं. जरीनाबाई धावत गेली आणि त्याला भिंतीआड ओढलं.

"कोणाले लागलं का?" त्यानं पहिलं हेच विचारलं.

"नाई. पोरं बरी हायेत. पण अजी, ऐका माहं, काही बोलू नोका. आरिफनं आपल्यावर घेतलं. गुणवंतभाऊ जागा द्यायले तयार हायेत. आरिफ तं नागपूरले जाणारच होता ना? जाऊ द्या त्याले. जागा तरी राहीन."

बोलून झालं आणि तिचीच तिला लाज वाटली. पोटच्या पोराला विकून जमीन घेणारी बाई आपण कधी झालो? पण शब्द सुटले होते.

"नागपूरवाल्यानं काम ठेवलं का त्याचं?"

जरीनाबाईनं नकारार्थी मान हलवली.

अयूबनं भिंतीआडून फोर्डच्या दबलेल्या टपाकडं पाहिलं. मग म्हणाला, "जरीना, खिसा तुनं शिवला. पण पोराले लपवायले नाई शिवला." त्यानं सायकल भिंतीला टेकवली आणि सरळ व्हरांड्यात गेला.

एकेक करून चारही रोटर त्यानं गुणवंतरावांसमोर टेबलावर मांडले. ओल्या बोटांचे डाग टेबलावर पडले.

"हे काय, मिस्त्री?"

"गाड्या आरिफनं नाई बंद पाडल्या, भाऊ. माह्या खिशानं पाडल्या. काल संध्याकाळी काढून घेतले, आज पहाटे, पोरं यायच्या आधी, तशाच उतारावरून बाहेर सोडल्या, म्हटलं चार वाजता आपल्या हातानं बसवतो, घेणाऱ्यापुढं रुबाबात चालू करतो. अब्बाची शिस्त. अन् मी बसलो कब्रीपाशी गप्पा मारत."

शहबाजचं तोंड उघडंच राहिलं. त्यानं भावाकडं पाहिलं. आरिफ चपलेच्या अंगठ्याकडं पाहत होता.

"म्हणजे तुले माहीत होतं?" प्रणित आरिफला म्हणाला. "टोपण उघडलं तेव्हाच? अन् आमच्यापुढं खोटं बोलला?"

"मी पाह्यलं काय अन् नाई पाह्यलं काय, फांदी तं पडलीच असती," आरिफ म्हणाला. "एका म्हाताऱ्यावर पडण्यापरीस माह्यावर पडली, काय बिघडलं?"

"म्हातारा कोणाले म्हणतो?" अयूबनं विचारलं. ईदपासून बापानं पोराला थेट विचारलेला हा पहिला प्रश्न होता. जरीनाबाईला रडता रडता हसू आलं.

प्रणित म्हणाला, "बाबा, पुरे झालं आता. या माणसाच्या एका खिशापायी आपलं सगळं गेलं. आता कशाची जागा अन् कशाची रजिस्ट्री!"

गुणवंतरावांनी एक रोटर उचलला. जीपचा होता. बोटांत फिरवत ते म्हणाले, "मिस्त्री, ही शिस्त तुह्या बापानं काऊन लावली, माहीत हाये?"

"छप्पन साली जीप चोरीले गेली होती. वैनगंगेच्या रेतीत सापडली. मोठ्या मालकांनी अब्बाले सगळ्यांसमोर थापड मारली. किल्ली गाडीतच राहून गेली होती त्यायच्याकडून."

"राहून नव्हती गेली." गुणवंतरावांनी रोटर टेबलावर ठेवला. "किल्ली मी नेली होती, करीमचाचाच्या उशाखालून. मार्कंड्याची जत्रा पाहायची होती मले. अठरा वर्षांचा होतो, रेतीत जीप फसली तं तिथीच टाकून पळून आलो. सकाळी बाबा विचारत होते, किल्ली कोणाकडं होती? करीमचाचानं माह्याकडं पाह्यलं एकदा. मग म्हणाले, माह्याकडून गाडीतच राहून गेली, मालक. थापड माही होती, खाल्ली त्यायनं. अन् दुसऱ्या दिवसापासून रोटर खिशात."

शेडच्या टिनावरून पाणी अजून टपटपत होतं. जरीनाबाईला सासऱ्यांचा चेहरा आठवला, रपट्यावर डबा घेऊन वाकलेला. सेहेचाळीस वर्षं, म्हणजे मरेपर्यंत आणि मेल्यावरही, हा माणूस एक गोष्ट पोटात ठेवून राहिला, बायकोला नाही सांगितली, पोराला नाही सांगितली. आणि त्याचा नातू आज त्याच व्हरांड्यात उभा राहून तेच करून बसला होता, कोणी शिकवलं नसताना.

"म्हणजे ते चोरासाठी नव्हते काढत," अयूब हळूच म्हणाला. "तुमच्यासाठी काढत होते."

"माह्याचसाठी. पुन्हा माह्यावर वेळ येऊ नये म्हणून." गुणवंतरावांनी डोळे पुसले, उघडपणे, पोरासमोर. "प्रणित, या गाड्या भंगारात जाणार नाईत. अन् मिस्त्री, जागा आज देत नाई. फुकट दिलेली तुले पचायचीबी नाई. ज्या दिवशी चारही गाड्या आपल्या पायानं या फाटकाबाहेर निघतीन, त्या दिवशी मी स्वतः फोर्डात बसून रजिस्ट्रीले येतो. तोवर गॅरेज विकायचं नाव कोणी काढायचं नाई. कबूल?"

प्रणितनं तुटलेल्या मांडवाकडं पाहिलं. "किती दिवस लागतीन?"

अयूबनं आपले हात पुढं धरले. दोन वर्षांपासून ते थरथरत होते, हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. "या हातांनी तं दुसरा जनम घ्यावा लागन, भाऊ."

"दीड वर्ष," आरिफ म्हणाला.

"तू तं नागपूरले..." शहबाजनं सुरुवात केली.

"दीड वर्ष म्हटलं ना! टपाचं काम एकट्यानं होत नाई. दर रविवारी तुले यावं लागन गडचांदूरहून. मघाशी लय तोंड चालत होतं तुहं, आता हात चालव."

"येतो ना भाई," शहबाज पुटपुटला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "शिव्या दे दोन. मग येतो."

आरिफनं टेबलावरचा फोर्डचा रोटर घेतला आणि फांदीतून वाट काढत बोनटपर्यंत गेला. रोटर बसवला, तुटक्या खिडकीतून हात घालून किल्ली फिरवली. फोर्ड एकदा रुसली, दोनदा रुसली, आणि तिसऱ्यांदा धडधडायला लागली. टप दबलेलं, काचा गेलेल्या, अंगावर मोहाची पानं, पण आवाज तोच, रपट्यावरचा. अयूबमिस्त्री व्हरांड्याच्या पायरीवर बसला आणि लेकरासारखा रडला. जरीनाबाई त्याच्या शेजारी बसली. तिनं सगळ्यांसमोर त्याचा हात धरला, जे अडतीस वर्षांत कधी केलं नव्हतं.

दिवस कलल्यावर आरिफनं इंजिन बंद केलं. रोटर काढला, शर्टाच्या खिशात टाकला. पातळ सुती खिसा. तो वाकला तसा रोटर टपकन खाली पडला. त्यानं उचलून पुसला आणि आईकडं आला.

"अम्मी, ताडपत्रीचा तुकडा हाये का घरी?"

"काऊन रे?"

"दोन खिसे शिवून दे. एक माह्या शर्टले, एक शहबाजच्या. दोन रोटर माह्याकडं, दोन त्याच्याकडं. अन् जो टालावरून जाईन, तो आपले रोटर दुसऱ्याले देऊन जाईन."

"अन् माह्या खिशाचं काय?" अयूबनं विचारलं.

आरिफनं बापाच्या कुर्त्याच्या आतल्या, अडतीस वर्षांच्या काळ्या डागांच्या खिशात हात घातला. तो रिकामा होता. त्यानं गॅरेजची किल्ली काढून त्यात टाकली.